काकूंचे खाडे

"काकू, उद्यापासून चार दिवस खाडा धरा."

डबे चालवणाऱ्या बाईच्या कानावर हे वाक्य दिवसातून एकदा तरी पडतंच. ज्यांनी कधी मेस लावली नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलगा गावाला गेला, आजारी पडला, मित्राच्या लग्नाला गेला, की तेवढ्या दिवसांचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा करायचे. तो खाडा. माझे त्याचे नियम आहेत. आदल्या रात्री आठच्या आत सांगायचं, सलग तीन दिवस तरी हवेत, एका वेळचा खाडा धरला जाणार नाही. लांब वहीत प्रत्येक मुलाचं एक पान असतं आणि तो नसेल त्या तारखेपुढे मी लाल पेनाने नुसतं 'खा' लिहिते. दिवाळीत एकेकाच्या पानावर 'खा खा खा खा' अशी ओळ लागते आणि नेमका तेव्हाच तो माझ्याकडचं काही खात नसतो.

नवी पेठेत आम्ही राहतो. आमचे हे अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगच्या दुकानात आहेत. २०१२ साली वरच्या मजल्यावर जालन्याकडची दोन मुलं राहायला आली, बाहेरचं खाऊन दोघांची पोटं बिघडली, म्हणून मी महिनाभर डबा दिला. महिनाभराचं काम ते, आज ३६ डबे आहेत. बहुतेक सगळी एमपीएससीवाली. आमच्या भागात अभ्यासिका इतक्या झाल्यात की संध्याकाळी चहाच्या टपरीवर पोरं राज्यघटनेची कलमं म्हणतात. सकाळी साडेचारला उठायचं, साडेअकराला दुपारचे डबे बाहेर, तीनपर्यंत भांडी, चारला पुन्हा भाजी निवडायला, साडेसातला रात्रीचे डबे. पोळ्यांना एक मावशी, चिराचिरीला आणि भांड्यांना दुसऱ्या.

लोक म्हणतात, रविवारी रात्री तर बंदच असतं की तुमचं. असतं. पुण्यात रविवारी रात्री मेस बंद ही रीतच आहे. दुपारी गोडाचं जेवण द्यायचं आणि रात्री चूल बंद. पण त्या रात्री मी मंडईतून आठवड्याचे कांदे-बटाटे आणते, डाळी निवडते, गव्हाचा डबा दळणाला काढते. त्याला सुट्टी म्हणत असतील तर म्हणोत.

बाकी ज्या सुट्ट्या मला मिळाल्या त्या सगळ्या दुसऱ्या कुणीतरी दिलेल्या. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता सगळीकडे मिरवणुका. दत्तवाडीच्या मावशी पोचू शकत नाहीत आणि डबे कुठे हलवताही येत नाहीत, म्हणून बंद. ताप एकशे तीनवर गेला म्हणून बंद. आणि २०२० च्या मार्चात जे बंद झालं ते तर वर्षभर पुरतं उघडलंच नाही. बॅगा घेऊन गेलेली पोरं परत येईनात. अडकून पडलेल्या नऊ जणांचा डबा मी दिला, पण नऊ डब्यांवर घर चालत नाही. मंगळसूत्र गहाण ठेवलं नाही एवढंच, जवळ गेलो होतो. तेव्हापासून 'बंद' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. एक दिवस बंद ठेवलं तर पोरं दुसरीकडे जातील आणि दुसरीकडची पोळी आवडली तर तिकडचीच होतील, ही भीती पोटात बसली ती बसलीच.

माहेरी सलग आठ दिवस राहिले तेही त्याच काळात, २०२१ च्या जुलैत. माझा भाऊ चिपळूणजवळच्या गावात राहतो, दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत. २२ जुलैला चिपळूण बुडालं. इथे डबे जेमतेम होते, ते मुलीवर सोपवून मी गेले आणि आठ दिवस दुकानातला गाळ उपसला. माहेरपण म्हणून आठवायला माझ्याकडे फावडं आहे.

आता २०२४ ची दिवाळी. त्या वर्षी मी मनाशी पक्कं केलं होतं, भाऊबीजेला जायचं. ऑगस्टमध्येच मुलांना सांगून टाकलं की २९ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर डबा बंद. पोरं हो म्हणाली, कारण पूर्वपरीक्षा २५ ऑगस्टला होती आणि दिवाळीत तशीही सगळी घरीच जाणार होती. मग काय झालं ते पेपर वाचणाऱ्यांना माहीत आहे. त्याच तारखेला बँकेची आयबीपीएसची परीक्षा आली, पोरं शास्त्री रस्त्यावर रात्रंदिवस बसली, परीक्षा पुढे गेली. त्या दोन-तीन दिवसांत माझे डबे भरलेले परत येत होते. ओरडून घसे बसलेली पोरं रात्री अकराला दारात उभी राहून, "काकू, नुसतं वरण आहे का?" असं विचारत. परीक्षा पुढे गेली याचा मला त्यांच्याइतकाच आनंद झाला होता. महिन्याभराने नवी तारीख आली, १ डिसेंबर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवाळी झाल्यावर बरोबर चार आठवड्यांनी परीक्षा म्हणजे दिवाळीला घरी कोण जाणार?

२२ जण थांबले. त्यांनी तोंड उघडून काही मागितलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. फक्त एकाने विचारलं, "काकू, त्या दिवसांत खानावळी उघड्या असतील ना?" त्याच्या आवाजात टोमणा असता तर मी टिकले असते. नव्हता. मी म्हटलं, राहू दे, मी आहे.

आमच्या पोळीवाल्या मावशींनी मात्र गणपतीतच सांगून ठेवलं होतं की दिवाळीचे पाच दिवस मी गावाला. आणि त्या गेल्या. मी बदली बाई शोधली, ती दिवसाला ७०० रुपयांच्या खाली येईना. डब्यात रोज काहीतरी फराळाचं घातलं, सणाचं कोरडं वरणभात कसं द्यायचं. पाडव्याला रात्री भावाचा फोन आला, "ताई, येतेस ना?" मी म्हटलं, नाही जमत रे.

भाऊबीजेला सकाळी साडेदहाला दारात भाऊ उभा. रात्रीच्या गाडीने निघून स्वारगेटला उतरलेला, हातात नारळांची पिशवी आणि वहिनीने दिलेली भाजक्या पोह्यांची बरणी. मी पोळ्या लाटत होते, बदली बाई त्या दिवशी आलीच नव्हती. तो काही बोलला नाही. चपला काढल्या, हात धुतले, आणि मटारच्या ढिगाशी फतकल मारून बसला. बावन्न वर्षांचा माणूस, गावात चार लोक त्याला विचारून कामं करतात, तो माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत होता. साडेअकराला डबे गेल्यावर मी ओट्याखालचा पाट काढला, तिथेच मांडला. निरांजन सापडेना, म्हणून देव्हाऱ्यातली समई ताटात ठेवली. ओवाळताना माझ्या मनगटापर्यंत पीठ होतं आणि अक्षता त्याच्या डोक्यावर पडल्या की पीठ, ते मलाही कळलं नाही. जेवताना म्हणाला, "ताई, मलाही एक डबा लाव. निदान रोज तुझ्या वहीत तरी राहीन." आणि दुपारच्या गाडीने गेला.

मी तेव्हा हसले. रात्री नाही हसू आलं.

जानेवारीत मुलीच्या परीक्षेचा अभ्यास चालू होता. ती बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. कॉस्टिंगचं काहीतरी करता करता मला म्हणाली, "आई, तू एक दिवस बंद ठेवलंस तर तुझे नक्की किती जातात?" मी म्हटलं, सोपं आहे, ३६ डबे, महिना ३,००० म्हणजे दिवसाला १०० रुपये, ३,६०० गेले. तेरा वर्षं मी हाच आकडा उराशी धरून होते. ती म्हणाली, अगं पण त्या दिवशी तू पीठ, तेल, भाजी, गॅस काहीच वापरत नाहीस ना?

वहीच्या मागच्या पानावर आम्ही मांडलं. सामान आणि गॅस मिळून दिवसाला २,१५०. व्यवसायाची १९ किलोची टाकी महाग पडते, ती धरून. दोन्ही मावशींचे मिळून ७००. हातात राहतात ७५०. बंद ठेवलं तर हे ७५० बुडतात, आणि मावशींचे ७०० द्यावेच लागतात, त्यांच्या पोटावर कशी सुट्टी घ्यायची. म्हणजे एका दिवसाच्या सुट्टीची किंमत १,४५०. ३,६०० नव्हे. मी दोनदा बेरीज करून पाहिली.

मग मुलीने मागच्या दिवाळीचा हिशेब काढला, तो नसता काढला तर बरं झालं असतं. २२ डब्यांचे दिवसाला २,२००. सामान-गॅस १,३५०, फराळाचे २५०, बदली बाईचे ७००, भांडीवाल्या मावशींचे ३००. एकूण २,६००. म्हणजे चालू ठेवून मी रोज ४०० रुपये पदरचे घालत होते. बंद ठेवलं असतं तर मावशींचे ३०० तेवढे गेले असते. घर सोडून गेले नाही, भावाला मटार सोलायला लावले, आणि वर रोज शंभर रुपये जास्त घालवले. मुलगी हसायला लागली. मी वही मिटली आणि चहा टाकला.

पण आकडा कळला की पुढचं सुचतं. वर्षाला किती दिवस हवेत ते आधी ठरवलं. दिवाळीचे पाच, मे महिन्यात चार, अनंत चतुर्दशीचा एक, आणि दोन हातचे ठेवले आजारपणाला. बारा. बारा गुणिले १,४५० म्हणजे १७,४००. मुलं वर्षातले साधारण दहा महिने भरलेली असतात. ३६ डबे, दहा महिने, डब्यामागे महिना ५० रुपये वाढवले तर १८,००० होतात. माझ्या वर्षभराच्या सुट्टीची किंमत एका पोराला महिन्याला पन्नास रुपये, तीन कटिंग आणि एक क्रीमरोल.

गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ ला, रविवार होता आणि श्रीखंड-पुरीचं जेवण होतं. पोट भरलेल्या माणसाला दरवाढ सांगावी. मी ३,०५० म्हटल्यावर पोरं हसली. "काकू, साबणाच्या वडीची किंमत आहे का ही? ३,१०० करा नाहीतर ३,००० ठेवा." मी म्हटलं, हिशेबाने आलंय ते. मग हिशेब सांगितला. सगळा नाही, पण बारा दिवसांचा सांगितला, आणि त्या दिवसांचा खाडा तुम्हाला मिळणारच हेही सांगितलं.

लातूरकडचा एक मुलगा आहे, तिसऱ्यांदा मुख्य परीक्षा देणारा. तो ताटावरून न उठता म्हणाला, "काकू, राग मानू नका. आम्ही खाडा आदल्या रात्री आठच्या आत सांगायचा, नाहीतर तुम्ही धरत नाही. तुम्ही मात्र बंद असलं की सकाळी सहाला मेसेज टाकता."

मला झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. ताप भरला की मी रात्रभर वाट बघायची, उतरेल, उठेन, करीन, आणि पहाटे हात टेकले की मेसेज टाकायची. त्या पोरांनी मग त्या दिवशी काय खाल्लं असेल, हा विचार मी कधी केला नव्हता. मला सुट्टी नाही म्हणून मी स्वतःला बिचारी समजत होते, आणि न सांगता घेतलेल्या सुट्ट्या कुठे मोजतच नव्हते. त्याच संध्याकाळी पुठ्ठ्यावर बारापैकी दहा तारखा लिहिल्या आणि दारामागे कालनिर्णयच्या खाली टांगल्या. हातच्या दोन दिवसांपुढे लिहिलं, 'आदल्या रात्री आठच्या आत कळवले जाईल. न कळवल्यास दुपारी पोहे तरी मिळतील.' आणि वहीत माझं पान उघडलं. पहिलं 'खा' मे महिन्यात पडलं, मुलीच्या परीक्षेनंतर चार दिवस घरीच पंखा लावून पडले होते. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, झोपले.

पुण्यात दुकान बंद ठेवण्याची चेष्टा फार होते. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारची १ ते ४ ची सुट्टी बंद केली तेव्हा त्याची पेपरात बातमी आली होती. मीही तेव्हा हसले होते. आता वाटतं, इतकी वर्षं तीन तास शटर खाली ओढायला केवढी छाती लागत असेल.

दिवाळीचा प्रश्न मात्र पुठ्ठ्याने सुटणारा नव्हता. थांबणाऱ्या मुलांचं काय? मग मी ते केलं जे तेरा वर्षांत सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही केलं नव्हतं. सदाशिव पेठेत एक काकू आहेत, चोवीस डबे. आम्ही एकमेकींना मंडईत रोज बघतो. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बोलतो. आणि मनातल्या मनात एकमेकींच्या दराची चौकशी करतो. मी सरळ त्यांच्याकडे गेले. चहा झाल्यावर म्हटलं, दिवाळीत माझी जी मुलं राहतील ती पाच दिवस तुम्ही सांभाळाल का? त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाल्या, "आणि ती माझ्याकडेच राहिली तर?" हाच प्रश्न मी घरून निघताना स्वतःला विचारला होता. मी म्हटलं, राहिली तर राहिली, तुम्ही बोलवायचं नाही एवढंच. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, माझ्या नातवाची मुंज पुढच्या मे महिन्यात आहे, दहा दिवस लागतील, माझी चोवीस तुम्ही घ्याल? अट मान्य. दिवसाला १०० रुपये डब्यामागे, जी जेवू घालेल तिचे. मुलांना दर सांगायचा नाही, नंबर द्यायचा नाही. कागद केला नाही. ओटीला नारळ मात्र दिला त्यांनी.

सगळं जुळलं होतं. पूर्वपरीक्षा २८ सप्टेंबरला, दिवाळी २० ऑक्टोबरपासून, म्हणजे पोरं परीक्षा देऊन घरी. थांबणारे फार तर चार-पाच. मी भावाला कळवून टाकलं.

सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात आणि सोलापुरात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. माझ्याकडे तो डब्यात आला. बीड, धाराशिव, लातूर, माढा, मोहोळ. ३६ पैकी निम्म्याहून जास्त मुलं तिकडची. डबे अर्धे खाऊन परत येत. सगळे फोनला चिकटलेले. परीक्षा ९ नोव्हेंबरवर गेली. रात्री बातमी आली तेव्हा मी भांड्यांवर होते, आणि देवाशप्पथ सांगते, पहिला विचार पुराचा नाही, माझ्या दिवाळीचा आला. मग स्वतःचीच लाज वाटली.

चौदा जण थांबणार होते. त्यात सीना नदीकाठचा एक मुलगा. गेल्या दोन महिन्यांचे पैसे त्याने दिले नव्हते, मी मागितलेही नव्हते. तो स्वतःहून आला आणि उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "घरी जाऊन काय करू काकू, घरात गुडघाभर गाळ आहे. वडील म्हणाले परीक्षा दे, इकडे येऊन आमच्यात भर नको." गाळ म्हटल्यावर मला वास आला. चिपळूणला आठवडाभर नाकातून गेला नव्हता तो वास, ओल्या धान्याचा आणि डिझेलचा.

त्या रात्री मी यांना म्हटलं, नको जायला. हे डबे पुसत होते, पुसतच राहिले. म्हणाले, "मागच्या वर्षी तू थांबलीस म्हणून कोण पास झालं?" असं तिरकं बोलायची त्यांची सवय मला आवडत नाही, पण त्या वेळी उपयोगी पडली. सदाशिव पेठेतल्या काकूंकडे त्यांना चांगलं जेवण मिळणार होतं. मी थांबले असते ते त्यांच्यासाठी की मला कुणी वाईट म्हणू नये म्हणून, याचं उत्तर मला माहीत होतं. त्या मुलाचे पाच दिवसांचे ५०० रुपये मी काकूंना आधीच देऊन ठेवले आणि त्याला सांगितलं, तुझा हिशेब नोकरी लागल्यावर. तो म्हणाला, "लिहून ठेवा." लिहिलं. त्याच्या पानावर आहे.

१९ ऑक्टोबर रविवार. दुपारचं जेवण देऊन निघालो, रात्री बंदच असतं, तेवढी एक वेळ जास्तीची पदरात पडली. निघताना चौदा जणांना दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दुधात गूळ विरघळवून त्यात भिजवलेल्या दशम्या, पाण्याचा थेंब नाही, तीन-चार दिवस सहज टिकतात. फोनवर मुलीने ती सोय करून ठेवली होती, कुणाचाही मेसेज आला की आपोआप उत्तर जातं. मजकूर मी सांगितला: 'डबा २४ तारखेपर्यंत बंद आहे. २५ ला दुपारी चालू. चौकशी तेव्हाच करावी.' मुलगी म्हणाली, "आई, दिवाळीच्या शुभेच्छा तरी घाल." घातल्या. स्वारगेटहून बसलो. अर्ध्या तिकिटात माहेर, एसटीने बायकांना हे एक बरं केलंय. साताऱ्यापर्यंत मी खिडकीतून बघत होते आणि डोक्यात चालू होतं की फ्रीजमधलं दही आंबेल. पाटण मागे पडलं, कुंभार्ली घाट लागला, हवा ओली झाली, मग कधीतरी दही गेलं डोक्यातून.

पहाटे साडेचारला डोळे उघडलेच. अंधारात उठून बसले, आणि करायला काही नाही. नरक चतुर्दशी होती म्हणून निभावलं, अभ्यंगस्नानाला लवकर उठलेली शहाणी ठरले. वहिनीने विचारलं, ताई, भात किती टाकू, आणि माझ्या तोंडून गेलं, "साडेतीन किलो." सहा माणसं होतो. दिवसभर घरात तेच चाललं, कुणी काही मागितलं की भाचा म्हणायचा, साडेतीन किलो देऊ का?

पाडव्याला दुपारी सव्वाला फोन. सदाशिव पेठेतल्या काकू. "अहो, माझी टाकी संपली आणि सणाचा माणूस येत नाही. अर्धा भात झालाय. तुमची भरलेली टाकी कुठेय?" सुपारीच्या झाडाखाली उभं राहून मी शेजारच्यांना फोन केला, त्यांच्याकडे किल्ली होती, शेजारचा मुलगा टाकी घ्यायला तयार पण ती जिना उतरवेना, मग माझ्याच चौदांपैकी दोघं आले आणि टाकी रिक्षातून नेली. पाऊण तासात सगळं झालं, डबे तीनला पोचले. कुणी तक्रार केली नाही. पण माझी ती दुपार गेली. जेवणात लक्ष नव्हतं, दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. म्हणून वहीत मी पाच 'खा' न लिहिता साडेचार लिहिले. मुलगी म्हणते अर्ध्या दिवसाचा खाडा तुझ्याच नियमात बसत नाही.

भाऊबीजेला भावाला पाटावर बसवून, नीट निरांजनाने, पीठ न लागलेल्या हाताने ओवाळलं. त्याने ताटात पैसे टाकले आणि वर मटाराची एक शेंग ठेवली. ऑक्टोबरात चिपळूणला त्याने ती कुठून पैदा केली, देव जाणे.

२५ ला दुपारी बारा डबे गेले. चौदातले दोघं तिकडेच राहिले. काकूंनी बोलावलं नव्हतं, ते मला पक्कं माहीत आहे. एकाने फोन करून प्रामाणिकपणे सांगितलं, काकू, त्यांच्याकडे भाकरी रोज असते. दुसऱ्याने सांगितलं नाही. महिन्याला ६,१०० गेले म्हणून दोन दिवस माझं तोंड वाकडं होतं. मग आठवड्यातून तीनदा रात्री ज्वारीची भाकरी सुरू केली. ती करायला मावशींनी खळखळ केली, आणि त्यातूनच पुढचं निघालं. भाकऱ्या थापता थापता त्यांचं लक्ष दारामागच्या पुठ्ठ्याकडे गेलं. वाचता फारसं येत नाही त्यांना, पण काय आहे ते ठाऊक होतं. म्हणाल्या, "ताई, यात माझं नाव कुठंय?" मी म्हटलं, तुमचे पैसे बंदच्या दिवशी देतेच की मी. "ते तुमच्या सुट्टीला झालं. माझ्या सुट्टीला काय?" मागच्या वर्षी त्यांचे ते पाच दिवस मी कापले होते.

नव्या पुठ्ठ्यावर दोन रांगा आहेत. त्यांच्या आठ दिवसांचे पैसे कुठून काढायचे ते अजून पुरतं जमलेलं नाही. ३,१०० करावे लागतील बहुतेक, पोरं म्हणतच होती.

आणि मे महिन्यात मुंजीचे दहा दिवस. माझी तेव्हा पंचवीसएक असतील, त्यांची चोवीस. माझं सगळ्यात मोठं पातेलं चाळीस जणांच्या वरणाचं आहे. रविवारी संध्याकाळी तुळशीबागेत जाऊन त्याच्यावरचं बघून यायचंय.